व्हेनिसचे सुवर्ण डुकॅट: मोडीत घालण्यापूर्वी वाचावे असे नाणे

व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचे सुवर्ण डुकॅट १२८५ पासून १७९७ पर्यंत, म्हणजे पाच शतकांहून अधिक काळ, जवळजवळ एकाच रूपात आणि एकाच शुद्धतेत पाडले गेले. युरोपातील नाण्यांच्या इतिहासात सातत्याचे इतके मोठे उदाहरण विरळाच आढळते. भूमध्य समुद्राच्या काठची बंदरे, कैरो, एडन, सुरत, गोवा आणि मलबार अशा दूरदूरच्या बाजारपेठांत या नाण्याला मान होता. महाराष्ट्रात ते ‘पुतळी’ या नावाने ओळखले गेले आणि व्यवहारातून निघून गेल्यावरही गळ्यातील माळेच्या रूपाने घराघरांत टिकून राहिले. आज अशा माळा मोडून नवे दागिने घडविताना त्यांत एखादे अस्सल व्हेनिशियन नाणे किंवा त्याचे जुने भारतीय अनुकरण असल्याचे अनेकदा कोणाच्या लक्षातही येत नाही. वितळलेल्या सोन्याचा भाव मिळतो, पण नाण्यावर नोंदलेला इतिहास कायमचा नाहीसा होतो. म्हणून हे नाणे कसे घडले, त्यावरील आकृती व अक्षरे कशी वाचावीत, अस्सल नाणे आणि त्याची अनुकरणे यांतील फरक कसा ओळखावा आणि हाती आलेले नाणे कसे जतन करावे, याची क्रमवार माहिती येथे दिली आहे.

नाण्याचा जन्म

तेराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पश्चिम युरोपातील बहुतेक व्यवहार चांदीच्या नाण्यांत होत असत आणि मोठ्या व्यापारासाठी लागणारे सोन्याचे चलन मुख्यतः बायझंटाईन साम्राज्याकडून व अरब राज्यांकडून येत असे. व्हेनिसचे स्वतःचे प्रतिष्ठित नाणे होते ते ‘ग्रोस्सो’ नावाचे चांदीचे नाणे, जे डोजे एन्रिको दांदोलो याच्या कारकिर्दीत (११९२ ते १२०५) सुरू झाले. डोजे म्हणजे व्हेनिसचा आजीवन निवडला जाणारा राज्यप्रमुख. तो राजा नव्हता, वंशपरंपरेने गादीवर येत नव्हता आणि सरदार घराण्यांच्या परिषदांनी त्याच्या अधिकारांवर कडक बंधने घातलेली होती. नाण्यावरील त्याची आकृती समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

बायझंटाईन सुवर्णनाण्यांचा कस उतरत गेला, तशी इटलीतील व्यापारी नगरराज्यांना स्वतःच्या सोन्याच्या नाण्याची गरज भासू लागली. जेनोआ आणि फ्लॉरेन्स या दोन्ही नगरराज्यांनी १२५२ मध्ये आपापली सुवर्णनाणी काढली. त्यांपैकी फ्लॉरेन्सच्या ‘फ्लोरिन’ने, म्हणजे एका बाजूस लिलीचे फूल आणि दुसऱ्या बाजूस बाप्तिस्मा देणारा संत योहान अशा आकृती असलेल्या नाण्याने, अल्पकाळात मोठा लौकिक मिळविला. व्हेनिस मात्र तीन दशके थांबले. ३१ ऑक्टोबर १२८४ रोजी, जोवान्नी दांदोलो हा डोजे असताना, तेथील शासनपरिषदेने ठराव केला की प्रजासत्ताकाचे सोन्याचे नाणे पाडावे, एका मार्क वजनाच्या सोन्यातून त्याची ६७ नाणी निघावीत आणि त्याचे सोने फ्लोरिनइतके किंवा त्याहूनही उत्तम असावे. व्हेनिसचा मार्क सुमारे २३८.५ ग्रॅमचा असल्याने एका नाण्याचे वजन ३.५६ ग्रॅमच्या आसपास येते. पुढील वर्षी नाणी प्रत्यक्ष पाडली जाऊ लागली. आरंभी एका डुकॅटचा दर १८ ग्रोस्सो ठरविण्यात आला होता. १३२८ मध्ये तो २४ ग्रोस्सो झाला.

दर्शनी बाजू कशी वाचावी

नाण्याच्या दर्शनी बाजूवर दोन मानवाकृती असतात. एक उभी असते. तिच्या मस्तकाभोवती प्रभावलय आणि हातात शुभवर्तमानाचा ग्रंथ असतो. हा व्हेनिसचा संरक्षक संत मार्क. दुसरी आकृती त्याच्यासमोर गुडघे टेकून बसलेली असते. तिच्या अंगावर लांब झगा आणि डोक्यावर डोजेची विशिष्ट टोपी असते. हा त्या वेळचा डोजे. दोघांच्या मधोमध एक उंच ध्वजदंड उभा असतो आणि तो संत मार्क डोजेच्या हाती सोपवीत असतो. सत्ता संताची आहे, राज्यप्रमुख केवळ तिचा स्वीकार करणारा सेवक आहे, असे व्हेनिसचे राजकीय तत्त्व या दृश्यात मांडलेले आहे. चांदीच्या ग्रोस्सोवर हेच दोघे समोर पाहत उभे दिसतात. डुकॅटवर डोजेला गुडघ्यांवर आणून कलाकाराने जुन्याच दृश्याला अधिक नम्र आणि अधिक धार्मिक रूप दिले.

या बाजूवर तीन मजकूर असतात आणि ते तीनही लॅटिन भाषेत, रोमन अक्षरांत कोरलेले असतात. संताच्या नावाचा मजकूर ‘एस एम व्हेनेटी’ असा असून त्याचा अर्थ ‘व्हेनिसचा संत मार्क’ असा होतो. दुसऱ्या कडेने डोजेचे नाव येते. ध्वजदंडाला लागून, एकाखाली एक अशी, डी, व्ही आणि एक्स ही तीन अक्षरे असतात आणि त्यांतून ‘डुक्स’, म्हणजे ‘प्रमुख’, हा डोजेचा किताब तयार होतो. लॅटिन कोरीव लेखांत ‘यू’ या अक्षराच्या जागी ‘व्ही’ लिहिण्याची रीत होती, हे ठाऊक असल्यास या मजकुराचा उलगडा सोपा होतो. वाचनाची सुरुवातही याच तीन अक्षरांपासून करणे सोयीचे असते, कारण ती मध्यभागी असल्याने कडा झिजल्या तरी बहुधा शाबूत राहतात.

डुकॅटवर साल कोरलेले नसते, त्यामुळे डोजेचे नाव हीच नाण्याच्या काळाची किल्ली ठरते. नावे संक्षिप्त असतात: अंतोनियो व्हेनिएर (१३८२ ते १४००) याचे नाव ‘अँटो व्हेनेरिओ’, फ्रान्चेस्को फोस्कारी (१४२३ ते १४५७) याचे ‘फ्रा फोस्कारी’ आणि शेवटचा डोजे लुदोविको मानिन (१७८९ ते १७९७) याचे ‘लुडोव्ह मॅनिन’ अशा रूपात आढळते. नाव निश्चित झाले की नाणे त्या डोजेच्या कारकिर्दीतले, एवढे नक्की सांगता येते. एकाच घराण्यातील व एकाच नावाचे अनेक डोजे झाल्याने काही ठिकाणी अडचण येते. उदाहरणार्थ, अल्विसे मोचेनिगो या नावाचे चार डोजे सोळाव्या ते अठराव्या शतकांत होऊन गेले. अशा वेळी अक्षरांची घडण आणि आकृतींची शैली प्रमाणित सूचीतील छायाचित्रांशी ताडून पाहावी लागते. इटलीचा राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल याने विसाव्या शतकात प्रसिद्ध केलेल्या इटालियन नाण्यांच्या बृहत्सूचीत व्हेनिसला दोन स्वतंत्र खंड दिलेले असून अशा निश्चितीसाठी अभ्यासक आजही त्यांचा आधार घेतात.

मागील बाजू कशी वाचावी

मागील बाजूवर येशू ख्रिस्ताची उभी आकृती असते. तिचा उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला आणि डाव्या हातात ग्रंथ असतो. ही आकृती बदामाच्या आकाराच्या लांबट चौकटीत उभी असते. या चौकटीला ख्रिस्ती कलेत ‘मांदोर्ला’ म्हणतात आणि ती दैवी तेजोवलयाची खूण मानली जाते. चौकटीच्या आत आकृतीच्या दोन्ही अंगांनी लहान तारे विखुरलेले असतात. त्यांची संख्या आणि मांडणी काळजीपूर्वक मोजून नोंदवावी, कारण वेगवेगळ्या काळांतील ठसे आणि अनुकरणे ओळखताना ती उपयोगी पडते.

चौकटीभोवती, नाण्याच्या कडेने, एक लॅटिन प्रार्थना कोरलेली असते. ‘हे ख्रिस्ता, ज्या राज्यावर तुझीच सत्ता चालते ते हे राज्य तुला अर्पण असो’ असा तिचा भावार्थ आहे. ती मूळची पद्यबद्ध असून जागा थोडी असल्याने बहुतेक शब्द तोडून लिहिलेले असतात. ओळीचा आरंभ एस, आय, टी या तीन अक्षरांनी होतो आणि शेवट ‘डुकाट’ या संक्षेपाने होतो. आरंभीची आणि शेवटची ही अक्षरे जागच्या जागी व सुवाच्य असणे, हा अस्सलतेच्या बाजूने जाणारा महत्त्वाचा पुरावा समजावा. अक्षरांच्या ऐवजी नुसत्या उभ्या रेघा, टिंबे किंवा उलटसुलट चिन्हे दिसली, तर नाणे व्हेनिसबाहेर, लॅटिन न जाणणाऱ्या कारागिराने पाडले असण्याची शक्यता फार मोठी असते.

वजन, कस आणि घडण

डुकॅटचा व्यास साधारण २० ते २१ मिलिमीटर असतो आणि जाडी अर्ध्या मिलिमीटरहून थोडीच जास्त असते. म्हणजे ते एक पातळ, बोटांनी सहज वाकू शकेल असे नाणे आहे. त्याचे प्रमाणित वजन मध्ययुगात ३.५५ ग्रॅमच्या आसपास होते आणि सोळाव्या शतकात ते किंचित घटून ३.४९ ग्रॅमच्या जवळ स्थिरावले. जुन्या मापात सांगायचे तर ते साडेतीन माशांहून थोडे अधिक भरते. सोन्याचा कस चोवीस कॅरट धरलेला होता आणि आधुनिक मापनात तो हजारात सुमारे ९९७ भाग इतका मिळतो. त्या काळच्या शुद्धीकरण तंत्राने गाठता येण्याजोगी ही जवळजवळ अखेरची मर्यादा होती.

हा कस टिकविण्यामागे टांकसाळीची करडी शिस्त होती. हंगेरीच्या खाणींतून आणि उत्तर आफ्रिकेच्या मार्गे येणारे सोने व्यापारी टांकसाळीत आणून देत. तेथे ते शुद्ध केले जाई, त्याचे पत्रे ठोकून चकत्या कापल्या जात, प्रत्येक चकती तोलून जास्तीचे सोने काढून टाकले जाई आणि मग दोन ठशांमध्ये चकती ठेवून वरून हातोड्याचा घाव घातला जाई. व्हेनिसमध्ये टांकसाळीला ‘झेक्का’ म्हणत. याकोपो सान्सोविनो या वास्तुशिल्पज्ञाने सोळाव्या शतकात उभारलेली तिची दगडी इमारत संत मार्कच्या चौकाशेजारी आजही उभी आहे. पुढे ‘डुकॅट’ हा शब्द हिशेबाच्या एककासाठी व चांदीच्या नाण्यासाठीही वापरला जाऊ लागला, तेव्हा सोन्याच्या नाण्याला झेक्कावरून ‘झेक्किनो’ हे नाव पडले. त्यामुळे जुन्या ग्रंथांत आणि लिलावांच्या याद्यांत डुकॅट, झेक्किनो आणि सेक्विन अशी तीन नावे आढळली, तरी सोन्याचे नाणे एकच आहे, हे वाचकाने लक्षात ठेवावे.

हातोड्याने पाडलेल्या नाण्याची काही लक्षणे ठरलेली असतात. काठ पूर्ण वर्तुळाकार नसतो, आकृती क्वचित एका बाजूस सरकलेली असते, कडेची काही अक्षरे चकतीबाहेर गेलेली असतात आणि काठावर कंगोरे नसतात. ही अपूर्णता पाहून नाणे खोटे ठरविण्याची चूक अनेकदा होते. उलट काठावर यंत्राने पाडलेले समान कंगोरे आणि काटेकोर वर्तुळ दिसले, तर ती वस्तू अलीकडची प्रतिकृती किंवा दागिन्यासाठी छापलेली चकती असल्याचा संशय धरावा.

पाचशे वर्षे एकच रूप का

व्हेनिसमध्ये चित्रकला आणि शिल्पकला बहरात असताना, तित्सियानोसारखे चित्रकार डोजे आंद्रेआ ग्रित्तीचे जिवंत वाटावे असे व्यक्तिचित्र रंगवीत असताना, त्याच डोजेच्या डुकॅटवर मात्र तेराव्या शतकातील ताठर, लहानखुरी आकृतीच कोरली जात होती. याची दोन कारणे सांगता येतात. पहिले राजकीय आहे: प्रजासत्ताकाला नाण्यावर व्यक्तीचा गौरव नको होता. निकोलो त्रोन (१४७१ ते १४७३) या डोजेने चांदीच्या लिरावर स्वतःचा मुखवटा छापला, तेव्हा त्याच्या मृत्यूनंतर तसे करण्यास बंदी घालण्यात आली. दुसरे कारण व्यापारी आहे आणि तेच अधिक वजनदार आहे. अलेक्झांड्रियातील सराफ किंवा सुरतेतील व्यापारी लॅटिन वाचत नव्हता. तो आकृतीची ओळखीची ठेवण पाहून आणि नाणे तोलून ते स्वीकारत होता. रूपात बदल झाला असता, तर दूरच्या बाजारात नाण्याविषयी शंका उत्पन्न झाली असती आणि शंकेची किंमत बट्ट्याच्या रूपाने, म्हणजे दर्शनी मूल्यातून कापल्या जाणाऱ्या कसरीने, मोजावी लागली असती. रूप स्थिर ठेवणे हाच व्हेनिसच्या पतीचा आधार होता.

या पतीची साक्ष प्रतिस्पर्ध्यांनीही दिली. इजिप्तचा मामलुक सुलतान बार्सबाय याने १४२५ मध्ये ‘अश्रफी’ हे सुवर्णनाणे काढले ते डुकॅटच्या वर्चस्वाला उत्तर म्हणून आणि जवळजवळ त्याच वजनाचे. ऑटोमन सुलतान दुसरा मेहमद याचे ‘सुलतानी’ आणि पोर्तुगालचे ‘क्रुझादो’ ही पंधराव्या शतकातील सुवर्णनाणीही डुकॅटच्याच मापावर बेतलेली होती. १२ मे १७९७ रोजी नेपोलियनच्या दडपणाखाली व्हेनिसच्या महापरिषदेने प्रजासत्ताक विसर्जित केले. तरी पुढे ऑस्ट्रियाच्या अमलात तेथील टांकसाळीने काही काळ त्याच ठेवणीची नाणी सम्राट दुसरा फ्रान्सिस याच्या नावाने पाडली.

सगोत्र नाणी आणि अनुकरणे

हाती आलेले नाणे डुकॅटसारखे दिसले म्हणजे ते व्हेनिसचेच असेल असे नाही, म्हणून त्याच्या नातलगांची ओळख असणे आवश्यक ठरते. पहिल्या वर्गात अधिकृत राज्यांनी स्वतःच्या नावाने पाडलेली नाणी येतात. रोमच्या सिनेटच्या डुकॅटवर संत मार्कच्या जागी संत पीटर असतो. ऱ्होड्स आणि नंतर माल्टा येथील संत योहानाच्या सरदारसंघाच्या नाण्यांवर डोजेच्या जागी संघाचा प्रमुख गुडघे टेकून बसलेला असतो. ही नाणी खोटी नसून स्वतंत्र आणि अभ्यासयोग्य आहेत.

दुसऱ्या वर्गात डुकॅटचे नाव व माप घेतलेली, परंतु रूपाने वेगळी असलेली नाणी येतात. नेदरलँड्सच्या डुकॅटवर एका बाजूस हातात तलवार आणि बाणांचा जुडगा घेतलेला चिलखतधारी योद्धा, दुसऱ्या बाजूस चौकोनात लॅटिन मजकूर आणि बहुधा सालही असते. ऑस्ट्रियाचे १९१५ साल असलेले, सम्राट फ्रान्झ योसेफचा मुखवटा असलेले डुकॅट तर बाजारात सर्रास मिळते. त्यावरील साल गोठविलेले असून ते नंतरच्या काळात पुन्हापुन्हा छापले गेले आहे, म्हणून १९१५ हा आकडा पाहून त्याला दुर्मीळ समजू नये.

तिसरा वर्ग भारतीय वाचकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. तो म्हणजे पूर्वेकडील कारागिरांनी आकृती पाहून केलेली अनुकरणे. यांत ध्वजदंड, दोन आकृती आणि बदामी चौकट ही मूळ मांडणी कायम असते. पण अक्षरांची केवळ चिन्हे होतात, ताऱ्यांची टिंबे होतात, चेहरे रेषांत विरघळतात, काही नमुन्यांत तर संत आणि डोजे ओळखूही येत नाहीत. दक्षिण भारतात, विशेषतः तमिळ प्रदेशात, हे नाणे ‘शानार काशू’ म्हणून ओळखले जाई. ध्वजदंडापाशी बसलेला डोजे हा माडावर चढणारा ताडी काढणारा शानार आहे, असा स्थानिकांनी त्या दृश्याचा अर्थ लावला होता. अनुकरणांचे वजन आणि कस कमीजास्त असतो, तरीही त्यांना बनावट म्हणून बाजूला टाकणे चुकीचे आहे. परदेशी नाण्याची मागणी किती होती आणि देशी सोनारांनी ती कशी भागविली, हे सांगणारे तेच खरे पुरावे आहेत.

भारतात आणि महाराष्ट्रात

युरोपला मिरी, मसाले आणि कापड हवे होते आणि त्या मोबदल्यात भारतात खपेल असा माल त्याच्यापाशी थोडा होता. त्यामुळे सोने व चांदी अलेक्झांड्रिया, तांबडा समुद्र आणि एडनच्या वाटेने पूर्वेकडे वाहत राहिली. गुजरातेतील भडोच येथे एकोणिसाव्या शतकात उघडकीस आलेल्या मोठ्या नाणेसंचयात मामलुक सुलतानांच्या नाण्यांबरोबर व्हेनिसची डुकॅटही होती; पोर्तुगीज भारतात येण्यापूर्वीच हे नाणे पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले होते, हे त्यावरून दिसते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्स्खोटेन याने तेथे चालणाऱ्या चलनाची माहिती देताना व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांचा उल्लेख केला आहे.

मराठी मुलखात होन हे सोन्याचे मुख्य नाणे असले, तरी पुतळीचे स्थान स्वतंत्र होते. सभासदाच्या बखरीत शिवछत्रपतींच्या खजिन्यातील नाण्यांची जी यादी आहे, तीत मोहरा आणि अनेक प्रकारच्या होनांबरोबर पुतळ्यांचीही नोंद आहे. नाण्यावर उभ्या असलेल्या मानवाकृतींमुळे हे नाव पडले आणि उत्तम कसाच्या सोन्याची खूण म्हणून ते रूढ झाले. अशी नाणी कड्या लावून, रेशमात गाठवून गळ्यात घालण्याची रीत पडली आणि पुतळ्यांची माळ हा महाराष्ट्राचा व गोव्याचा ओळखीचा अलंकार बनला. कालांतराने मूळ नाणी दुर्मीळ झाली आणि लक्ष्मी किंवा राम-सीता यांच्या आकृती छापलेल्या पातळ सोन्याच्या चकत्या त्यांच्या जागी आल्या. आज सराफाकडे मिळणाऱ्या पुतळ्या बहुतेक याच प्रकारच्या असतात. परंतु जुन्या माळेत मूळ डुकॅट, त्याची देशी अनुकरणे आणि नंतरच्या चकत्या मिसळलेल्या असू शकतात, म्हणून माळेतील एक पुतळी पाहून साऱ्या माळेविषयी मत बनवू नये. प्रत्येक पुतळी दोन्ही बाजूंनी स्वतंत्रपणे पाहावी.

तपासणीचा क्रम

तपासणीची पहिली पायरी म्हणजे माळ आहे त्या स्थितीत, गाठवलेली असतानाच, छायाचित्रे काढून ठेवणे. कारण रेशीम, गाठी आणि पुतळ्यांचा क्रम हासुद्धा घराण्याच्या व कारागिरीच्या इतिहासाचा भाग असतो. त्यानंतर तिरप्या उजेडात, दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगाखाली, दर्शनी बाजूवरील डी, व्ही आणि एक्स ही उभी अक्षरे शोधावीत. ती सापडल्यास डोजेच्या नावाची जेवढी अक्षरे दिसतात तेवढीच, अंदाजाने भर न घालता, उतरवून घ्यावीत. मग मागील बाजूवरील चौकट, तारे आणि ओळीचा आरंभ पाहावा.

दुसरी पायरी वजनाची आहे. मिलिग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर नाणे तोलावे. सुटे, कडी नसलेले नाणे ३.४० ते ३.५६ ग्रॅमच्या दरम्यान भरले, तर ते प्रमाणाशी जुळते असे मानता येते. त्याहून हलके असल्यास काठ कातरलेला आहे का, भोक पाडलेले आहे का, दीर्घकाळ गळ्यात घासून झीज झाली आहे का हे पाहावे. जड असल्यास कडी आणि तिची झाळ, म्हणजे कडी जोडण्यासाठी वापरलेला हलक्या कसाचा मिश्रधातू, यांचा भार त्यात आलेला असतो. कडी काढून टाकलेल्या नाण्याच्या काठावर झाळेचा फिकट ठिपका बहुधा राहतो. तो पैशाच्या दृष्टीने उणेपणा असला, तरी नाणे अलंकार म्हणून वापरले गेल्याची ती विश्वसनीय खूण आहे.

तिसरी पायरी धातूच्या परीक्षेची आहे आणि येथे विशेष सावधगिरी हवी. कसोटीच्या दगडावर घासणे, तेजाब लावणे, काठाला कानस मारणे या सराफी पद्धती दागिन्याला चालतात. परंतु नाण्यावर त्या कायमचा ओरखडा ठेवतात. त्याऐवजी पाण्यातील वजनाची पद्धत वापरावी. शुद्ध सोने पाण्याच्या १९.३ पट जड असल्याने ३.५० ग्रॅमचे नाणे बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून तोलले असता वजनात सुमारे ०.१८ ग्रॅमची घट यावी. घट ०.२२ ग्रॅमच्या पुढे गेली, तर सोन्यात चांदी किंवा तांब्याचे लक्षणीय मिश्रण आहे असे समजावे. क्ष-किरणांनी कस दाखविणारे यंत्र अनेक सराफांकडे असते आणि त्याने नाण्याला इजा होत नाही. मात्र त्याचे मोजमाप पृष्ठभागापुरते असते, म्हणून वजनाच्या परीक्षेशी ते जुळवून पाहणे इष्ट ठरते. ओतीव प्रतिकृतींच्या पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे, बोथट अक्षरे आणि काठावर साच्याची रेघ दिसते. ठशाने पाडलेल्या नाण्यावर ती आढळत नाही.

या तिन्ही पायऱ्यांच्या नोंदी एका कागदावर, दोन्ही बाजूंच्या छायाचित्रांसह आणि मोजपट्टीसह ठेवाव्यात. माळ कोणाकडून आली, कोणत्या गावची, कोणाच्या लग्नात घडविली, ही घरातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असलेली माहितीही त्याच कागदावर लिहावी. अभ्यासकाला नाण्याइतकीच तिचीही गरज असते.

जतन आणि कायदा

शुद्ध सोने गंजत नाही. परंतु ते मऊ असते, म्हणून घासणे हा त्याचा सर्वांत मोठा शत्रू आहे. चिंच, रिठे, दंतमंजन किंवा पॉलिशची पावडर लावून चमक आणण्याचा मोह टाळावा. मळ फारच असेल तर नाणे शुद्ध केलेल्या पाण्यात काही वेळ ठेवून, न चोळता, मऊ सुती कापडावर निथळत ठेवावे. नाणे नेहमी काठाने धरावे, आम्लरहित कागदाच्या स्वतंत्र पाकिटात ठेवावे आणि पीव्हीसी प्लॅस्टिकच्या मऊ थैल्या वापरू नयेत, कारण त्यांतून सुटणारा चिकट अंश पृष्ठभागावर बसतो.

कायद्याच्या दोन बाबी प्रत्येकाने जाणून घेतल्या पाहिजेत. पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेषांत मोडते. ते खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता किंवा पाठविता येत नाही आणि अशा वस्तूंचा व्यापार करण्यास परवाना लागतो. परदेशी राहणाऱ्या मुलीला किंवा सुनेला वडिलोपार्जित माळ पाठविण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करणे म्हणूनच आवश्यक आहे. दुसरी बाब भूमिगत धनाची: भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ प्रमाणे जमिनीत पुरलेला, दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास त्याची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. पाया खणताना किंवा नांगरताना मिळालेली नाणी वाटून घेतल्यास कायदा मोडतो आणि संचय विस्कटून त्याचा पुरावाही नष्ट होतो.

निश्चितीसाठी मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि नाशिकजवळील अंजनेरी येथील भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था यांसारख्या ठिकाणच्या अभ्यासकांकडे छायाचित्रे व नोंदी घेऊन जाणे श्रेयस्कर ठरते. केवळ विकत घेऊ इच्छिणाऱ्याने केलेल्या मूल्यमापनावर मात्र विसंबू नये.

एका डुकॅटमधील सोन्याची किंमत कोणताही सराफ काट्यावर सांगू शकतो. परंतु त्यावरील डोजेचे नाव, ठशाची ठेवण, झाळेची खूण आणि माळेतील स्थान यांचे मोल काटा सांगत नाही, आणि एकदा मुशीत गेलेले नाणे पुन्हा कोणालाही वाचता येत नाही. म्हणून ज्यांच्या घरी जुनी पुतळ्यांची माळ आहे, त्यांनी ती मोडीत घालण्यापूर्वी प्रत्येक पुतळी दोन्ही बाजूंनी पाहावी, तोलावी, तिचे छायाचित्र काढावे आणि जाणकाराचे मत घ्यावे. त्यानंतरही मोडण्याचा निर्णय झालाच, तर निदान अक्षरे असलेल्या पुतळ्या वेगळ्या काढून ठेवाव्यात.